भरल्या गाडीचं माप

बाबा, आज दुपारी सौसरचा एक ठेकेदार नवी गाडी घेऊन दुकानात आला होता. गाडी घेऊन महिनाही झाला नसेल आणि त्याला तिची चाकं बदलायची होती. कंपनीची चाकं बारीक आहेत, गाडी उपाशी माणसासारखी दिसते, असं त्याचं म्हणणं. नागपूरहून रुंद चकचकीत चाकं आणि त्यावरचे जाड टायर त्यानं आधीच आणून मागे टाकले होते. मी फक्त चार नट आवळायचे होते. मी आवळले नाहीत. आधी भोकं मोजली, भोकांचं वर्तुळ मोजलं. मधलं मोठं भोक हबच्या गळ्यावर घट्ट बसतं की सगळा भार बोल्टांवर लटकतो ते पाहिलं. नटाचा उतार आणि भोकाचा उतार एकच आहे का, ते नटाला पेन्सिलीचं शिसं फासून पाहिलं, कारण उतार चुकला की नट आवळलेला वाटतो आणि चाळीस किलोमीटरवर ढिला होतो. मग चाकाची खोली. हबला टेकणारी तबकडी रिमच्या मध्यापासून किती आत आहे, किती बाहेर, त्यावर सगळा खेळ आहे. अर्ध्या इंचाची चूक झाली तर टायर बाहेरून मडगार्ड खातो, नाहीतर आतून स्वतः खाल्ला जातो. एवढं झाल्यावर पुढची दोन चाकं बसवली, गाडीत त्याची चार आणि माझी दोन माणसं कोंबली, मागे वाळूची पोती टाकली, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवायला लावलं, आणि मी छप्पन्न वर्षांचा माणूस गाडीखाली पालथा पडलो.

ठेकेदार हसायला लागला. "काका, चाक लावून राहिले का पोरीसाठी स्थळ पाहून राहिले?"

"स्थळ चुकलं त पोरगी माहेरी परत येते," मी खालूनच म्हणालो. "चाक चुकलं त कोणी परत येत नाही."

त्याची चाकं बसली नाहीत. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर टायर आतून लागत होता. मी त्याला कागदावर लिहून दिलं, कोणत्या रुंदीचं चाक आण, किती खोलीचं आण, टायरच्या गालावर भाराचा कोणता आकडा पाहून घे. जाताना त्यानं विचारलं, हे सगळं कोणाजवळ शिकलात? मी म्हणालो, कोणाजवळच नाही. तीस वर्षं मी हेच सांगतो आणि सांगताना मान ताठ होते. नववीनंतर शाळा सोडली, कोणत्या गॅरेजात हाताखाली राबलो नाही. शिंप्याची टेप, गवंड्याचा ओळंबा आणि भंगारातली मोडकी चाकं यांच्यावर शिकलो. ते खरंच आहे. पण गाडी भरून मापायची, हे मी स्वतः शिकलो नाही. ते ज्या दिवशी शिकलो त्या दिवसाबद्दल मी आजवर कोणाशी बोललो नाही, तुमच्याशीसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. मोहगावच्या अलीकडच्या वळणावर आपली जीप उलटली ती तुमच्या घाईनं, असं आपल्या वस्तीत, पांढुर्ण्याच्या स्टँडवर आणि आपल्या घरातही अजून मानतात. तसं नव्हतं हे दोघांनाच माहीत होतं. त्यातला आता मी एकटा उरलो आहे.

तुमची बावीस वर्षं ब्लॉक ऑफिसच्या जीपवर गेली. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत, दुसरेच बोलायचे. निवृत्त झाल्यावर लिलावातली तीच जुनी जीप तुम्ही घेतलीत आणि पांढुर्णा ते सौसर सवाऱ्या न्यायला लागलात. त्याच वर्षी मी नागपूर रोडला टिनाच्या शेडमध्ये टायरचं दुकान टाकलं. आपल्या वस्तीतलं मेन रोडवरचं पहिलं दुकान. उद्घाटनाला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात आणि दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिलात, कोणी आलं की "मुलाचं हाय" एवढं सांगायला. त्या काळात भागातल्या सगळ्या जीपगाड्या बारीक टायरवर चालायच्या. मिलिटरीच्या मोडलेल्या गाड्यांची रुंद चाकं नागपूरच्या भंगारात मिळतात हे मला कळलं तेव्हा झोप उडाली. एप्रिलात जयंती होती. मिरवणुकीत तसबीर दरवर्षी आपल्याच जीपच्या बॉनेटवर असायची, आणि आदल्या वर्षी स्टँडवरचा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तसबीर हत्तीवर पाह्यजे, तुम्ही बकरीवर ठेवली." लोक हसले होते. तुम्हीही हसला होता. मी हसलो नव्हतो.

पाच भोकं पाच बोल्टांवर बरोबर आली. सोळा इंची रिम, तीही बरोबर. रिम जुनीपेक्षा दीड इंच जास्त रुंद होती आणि टायर सहाच्या जागी साडेसातचा. मी तीन दिवस त्या चाकांवर काढले. वाकलेली कड ठोकून सरळ केली, ओळंबा सोडून डगमग पाहिली, चुनखडी धरून फिरवली, काळा रंग दिला. गाडी दुकानासमोर उभी करून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं. आतल्या बाजूला, कमानीचे, म्हणजे गाडीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, पट्टे बांधणारी जी लोखंडी पट्टी असते, तिच्या बोल्टाचं टोक आणि टायरचा गाल यांच्यामध्ये माझं बोट जात होतं. एक बोट, सैल. मी समाधानानं उठून हात पुसले. तुम्ही बाकावरून आलात, चाकाभोवती एक चक्कर मारलीत, खाली वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "हे भरल्या गाडीवर पाह्यलं का?"

मी म्हणालो, "भरल्यानं चाकाची भोकं बदलतात का?"

"भोकं नाही रे. गाडी बसते न खाली. कमानी हलते."

"बाबा, तुम्ही गाडी चालवा. बसवणं माहं काम हाय."

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी असं बोललो. तुम्ही त्यांच्याकडे पाहून हसलात, जणू मुलगा हुशार निघाला याचंच ते हसू, आणि परत बाकावर जाऊन बसलात.

मिरवणूक मात्र बघण्यासारखी झाली. तुमच्या डोक्याला निळा फेटा. जीप रुंद चाकांवर उंच उभी, बॉनेटवर झेंडूत मढलेली तसबीर, आणि बायका गाडीपुढे नाचत चाललेल्या. माणूस चालतो त्या गतीनं, सरळ रस्त्यानं, रिकाम्या गाडीनं चार तास. टायर कशाला घासणार होता? स्टँडवरचा तो बकरीवाला पुढे येऊन चाकाला थाप मारून गेला. त्या दिवशी मी पांढुर्ण्यातला सगळ्यात मोठा माणूस होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तुम्ही म्हणालात, "जयंती झाली. आता जुनी चाकं लावून दे. आजपासून सवारी हाय." आणि मी म्हणालो, "ती काय लग्नातली शेरवानी हाय का, घडी करून पेटीत ठेवाले?" आई खळखळून हसली. तुम्ही कप खाली ठेवला आणि जीप घेऊन स्टँडवर गेलात.

आपल्याकडची सवारी जीप कशी भरतात ते तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच. पण मी ते तेव्हा मोजलं नव्हतं म्हणून आता लिहून काढतो आहे. मागे आठ, मध्ये चार, पुढे तुमच्यासकट चार. त्यात तुम्ही स्वतः अर्धे बाहेर, एक पाय पायदानावर. दोघं मडगार्डवर, म्हणजे नेमके पुढच्या चाकांच्या डोक्यावर. मागच्या फळीला लटकलेले आणि टपावरच्या टोपल्या वेगळ्या. अशी गाडी तुम्ही सौसरच्या स्टँडवर त्या अरुंद जागेत दोन-तीन वेळा मागेपुढे करून वळवायचे, प्रत्येक खेपेला, स्टेअरिंग पार टोकापर्यंत. माझं ते एक बोट तिथे उरत नव्हतं. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, खाली बसायची, कमानी पसरायची, टायरचा गाल फुगायचा आणि बोल्टाचं टोक त्यात रुतून गोल फिरायचं. बाहेरून काही दिसत नव्हतं. बाहेरून टायर नवा होता, नक्षी खोल, गालावर माझ्या हातचा काळा रंग.

पांढुर्ण्याच्या बाजाराला बोरगावची फुटाणेवाली यायची. तिला सगळे मावशी म्हणत, वयानं ती तुमच्याहून मोठी. गुडघे गेलेले, मागे चढवत नसे, म्हणून पुढची डाव्या कडेची जागा तुम्ही तिच्यासाठी धरून ठेवायचे आणि त्यावरून इतर सवाऱ्या कुरकुरायच्या. नवी चाकं लागल्यावर तिला पुढेही चढवेना. एकदा माझ्या दुकानासमोर जीप थांबली तेव्हा ती वरून ओरडली, "काहून रे चाकवाल्या, गाडी उंच केली त शिडी कोण देईन? तुहा बाप उचलते मले, पोरंसोरं हासतात!" तुम्ही म्हणालात, "मावशी, तुमी नाही हो, तुमची टोपली भारी हाय." ती म्हणाली, "टोपली मांडीवर हाय, म्हाताऱ्या. झूट नको बोलू." सगळी जीप हसली. मूठभर फुटाणे तिनं माझ्या हातावर ओतले आणि तुम्ही गिअर टाकला.

ज्येष्ठातल्या दुपारी, बाजार उठल्यावर, ते झालं. मला स्टँडवरून निरोप आला. एका ट्रकात बसून मी गेलो. डांबर वितळलेलं आणि चपला त्यात चिकटत होत्या. वळण उजवीकडचं. पुढचा डावा टायर फुटून गाडी खेचली गेली होती आणि नाल्याच्या उतरणीवर डाव्या कुशीवर पडली होती. बाकीच्यांची हाडं मोडली, डोकी फुटली, पण जगले. मावशी कडेला होती. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते फुटाणेच येतात, डांबराला चिकटलेले, आणि त्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून हात पसरून उभा असलेला एक माणूस. कोण होता, कशाला राखत होता, माहीत नाही. तुम्ही आडव्या पडलेल्या जीपजवळ उकिडवे बसला होता. कपाळातलं रक्त भुवईवर येऊन थांबलं होतं. तुमचा हात फुटलेल्या टायरच्या आतल्या बाजूवरून सावकाश फिरत होता, जसा तुम्ही बैलाच्या खांद्यावरून फिरवायचे. मी जवळ आलो तर मान वर न करता म्हणालात, "आतून कापलं हाय. गोल. सुरीनं कापल्यावानी."

तुम्ही तो हात सदऱ्याला पुसलात.

"थानेदार येऊन राहिले," तुम्ही म्हणालात. "तू दुकानात जा."

"बाबा..."

"जा म्हणतो न. तुहं काही काम नाही इथं."

आणि मी गेलो. याच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुम्ही सांगितलं म्हणून गेलो असं मी स्वतःला सांगत आलो. पण जयंतीनंतर चाकं काढा म्हणाला होता, तेव्हा कुठे ऐकलं होतं? जे सोपं होतं तेवढंच ऐकलं. तुम्ही बयान दिलंत की वळणावर घाई केली, गाडी भरधाव होती, टायर दगडावर चढून फुटला. तुमच्या तोंडून निघालेलं मला माहीत असलेलं पहिलं खोटं. लायसन गेलं. जीप गेली. बावीस वर्षं बिनओरखड्याची, तीही गेली. मावशीच्या घरी तुम्ही भेटायला गेलात तेव्हा मी बरोबर होतो. तिची सून दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दारू ढोसून गाडी हाणली असन ह्यानं! बुढीले उचलून बसवे, आन् उचलून फेकली!" पंचशील घेतल्यापासून तुम्ही थेंबाला शिवला नव्हता. आपल्या वस्तीत दारू सोडवणारे तुम्हीच. मी तोंड उघडणार होतो, खरंच उघडणार होतो, तर तुम्ही माझ्या दंडाला धरलंत, इतकं घट्ट की चार दिवस बोटं उमटून होती. तुम्ही तिला म्हणालात, "तुमाले बोलाचा हक्क हाय, बाई." परतीच्या रस्त्यावर तिगावला पाणी प्यायला थांबलो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दुकान राह्यलं पाह्यजे. आपल्यातल्या कोणाचं राह्यलं नाही आजवर."

पुढची चार वर्षं तुम्ही संत्र्याच्या आवारात राखणदारी केलीत. लाकडाच्या पेटीवर बसून येणाऱ्या ट्रकांची चाकं बघत राहायचे. लोक समोरून जाताना हात तोंडाकडे नेऊन पेल्याची खूण करायचे, तेही तुम्ही पाहत होता. मला एक सकाळ आठवते. आई चुलीसमोर भाकरी थापते आहे, आपण दोघं समोरासमोर बसलो आहोत. तिचं कशावरून तरी बिनसलं आहे आणि ती तव्याकडे पाहतच म्हणते, "एवढी कायची घाई होती वो तुमाले त्या दिवशी? कोणतं राज्य बुडून राहिलं होतं?" तुमचा घास हातातच थांबतो. मी ताटात पाहतो. मग तुम्ही ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवता आणि तिला म्हणता, "झाली चूक. माणसाकडून होते." तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो, लग्न ठरलेलं होतं. मी ठेचा घेतला आणि जेवलो.

तुम्ही मला एकदाही बोल लावला नाहीत. त्याऐवजी एक दिवस दुकानात आलात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून गेलात. उघडलं तर तुमचा दाढीचा गोल आरसा होता, मोडक्या छत्रीच्या दांडीला तिरपा करून तारेनं पक्का आवळलेला. गाडीखाली धरला की टायरचा आतला गाल दिसतो. कुठेही विकत मिळत नाही असं हत्यार. त्यानंतर तुम्ही न बघता दाढी करायचे आणि हनुवटीखाली खुंट राहायचे. तुम्हाला नवा आरसा आणून द्यावा एवढंही मला सुचलं नाही. सुचलं होतं. पण दिला असता तर जुन्या आरशाविषयी बोलावं लागलं असतं.

छातीचा आजार वाढला, तुम्ही गेलात. दुकान राहिलं. आता पक्कं आहे, दोन शटरचं, सौसर-पांढुर्ण्यात चाकाच्या फिटिंगचं नाव निघालं की माझं निघतं. मी चुकत नाही अशी ख्याती आहे. भरल्या गाडीशिवाय मी चाक देत नाही, मग गिऱ्हाईक चिडून निघून गेलं तरी चालेल. लोक याला माझा काटेकोरपणा म्हणतात, आणि मी म्हणू देतो.

आता जे लिहायला बसलो ते. अपघाताच्या आठ दिवस आधी तुम्ही जीप ग्रीसिंगला आणली होती. मला म्हणाला होता, सौसरला वळवताना खालून घासल्यासारखं वाटतं, बघ जरा. मी खाली गेलो. डाव्या कमानीच्या त्या बोल्टाचं टोक चांदीसारखं चमकत होतं. सगळं लोखंड गंजलेलं, मळलेलं, आणि तेवढंच टोक लखलखीत. खाली पट्ट्यावर काळी रबराची पूड बसली होती. मी बोट लावून पाहिलं. मला कळलं, बाबा. पूर्ण कळलं. जुनी चाकं शेडच्या मागेच पडली होती, लावायला तासाचं काम. पण बाहेर तुमच्याबरोबर स्टँडवरचे दोघं उभे होते, त्यातला एक तो बकरीवाला. त्यांच्यासमोर जुनी चाकं लावायची म्हणजे चुकलो म्हणून सांगायचं. मी ती पूड कपड्यानं पुसली, बोल्टावर ग्रीसचा गोळा थापला आणि बाहेर येऊन म्हणालो, "काही नाही. नक्षी मोठी हाय, आवाज येतेच." पुढच्या आठवड्यात गर्दी कमी झाली की बदलू असं मनात ठरवलं होतं. तुम्ही गाडीत बसलात. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला की नुसतं ऐकलं, ते मला कधीच समजलं नाही. आणि टायरच्या आतून हात फिरवताना त्या बोल्टावरचं ताजं ग्रीस तुमच्या हाताला लागलंच असणार. तरी म्हणालात, दुकानात जा.

हे पत्र टाकायला पेटी नाही. पण वाचून दाखवायला एक माणूस आहे, तेच अवघड आहे. आई आता शहाऐंशीची आहे. ऐकू नीट येतं, डोळ्यांनी कमी दिसतं. तिला हे चार कागद वाचून दाखवले तर तिच्यापुरती तरी तुमची बावीस वर्षं परत येतील. आज त्याच विचारानं दुकान लवकर बंद करून घरी आलो आणि ओसरीवर लिहायला बसलो. आता ती भिंतीला धरत बाहेर आली आहे, माझ्याशेजारी बसली आहे. मघाशी विचारलं, "काय लिहून राहिला एवढं?"

"मापं," मी म्हणालो. "दुकानातली."

"लिही बापा. तू मोजूनमापून करते म्हणून बरं हाय." मग रस्त्याकडे तोंड करून ती म्हणाली, "तुह्या बापाले तेवढी घाई नसती त मावशी वाचली असती, नाही का?"

मी हो म्हणालो, बाबा.